आर शिकताना गाडी अडते ती कुठे: मासळी, आंबा आणि पावसाच्या फायलींवरून

आर ही संख्याशास्त्राच्या कामाची संगणकभाषा शिकणाऱ्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात ते बहुतेक रत्नागिरी-दापोली पट्ट्यातून. कृषी विद्यापीठातले पदव्युत्तर विद्यार्थी, मत्स्य महाविद्यालयातली मुलं, संख्याशास्त्र घेतलेले बीएस्सीवाले, अधूनमधून बागेचा हिशेब नीट मांडू पाहणारा एखादा आंबा बागायतदार. ‘मॅडम, मीन एनए येतंय’ (म्हणजे सरासरीच्या जागी ‘माहिती नाही’ची खूण), ‘ग्राफवर आकडे उलटसुलट लागलेत’, ‘काल चाललं होतं, आज चालत नाही’. तक्रारी निरनिराळ्या, पण मुळाशी गेलं की बहुतेक वेळा दुखणं एकच निघतं. सूत्र बरोबर, आरही बरोबर, पण फाइल आत येतानाच बिघडलेली. चूक तिथे दिसत नाही. ती पाच-सात ओळी पुढे, सरासरी किंवा आलेख काढताना वर येते, आणि मग माणूस सरासरीच्या कमांडशीच झटापट करत बसतो.

तेव्हा सूत्रांपेक्षा फायलींबद्दलच जास्त बोलते. कमांडची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी कीबोर्ड, आणि लहान-मोठ्या अक्षरांचं भान ठेवून. ‘व्ह्यू’चं पहिलं अक्षर मोठं लागतं, ‘मीन’चं लहान. इथे आर काडीची सवलत देत नाही.

लाल अक्षरं आधी निस्तरू

लाल रंगात आलेलं सगळंच वाईट नसतं. टिडीव्हर्स हे पॅकेज (तयार कमांडचा संच) लोड केलं की ‘फिल्टर’ आणि ‘लॅग’ झाकले गेल्याची एक लांबलचक सूचना येते. ती नुसती माहिती आहे. तिला घाबरून पॅकेज काढून पुन्हा टाकणारे मी पाहिले आहेत. ‘एरर’ म्हणजे काम थांबलं. ‘वॉर्निंग’ म्हणजे काम पुढे गेलं, पण आरला काहीतरी खटकलंय. नवशिके एररला घाबरतात आणि वॉर्निंग सोडून देतात. माझं मत नेमकं उलटं आहे. एरर तुम्हाला पुढे जाऊ देत नाही, म्हणून तिच्यामुळे प्रबंधात चुकीचा आकडा जात नाही. वॉर्निंगमुळे जातो.

एररची रांग लागली तर सगळ्यात वरची वाचायची. खालच्या बहुतेक तिचीच पिलावळ असते. ‘कुड नॉट फाइंड फंक्शन’ म्हणजे एकतर स्पेलिंग चुकलं, नाहीतर ‘लायब्ररी’ म्हणायचं राहिलं. पॅकेज इन्स्टॉल एकदाच करायचं असतं, लायब्ररी मात्र आर उघडाल तेव्हा दर वेळी. ‘काल चाललं होतं’चं अर्धं उत्तर इथेच आहे. ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ आलं तर ते नाव जिथे तयार होतं ती ओळ तुम्ही चालवलीच नाही, किंवा ती चालताना पडली.

कन्सोलवर नेहमीच्या बाणाऐवजी बेरजेचं चिन्ह येऊन बसलं आणि एंटर मारमारून काही होत नसेल, तर कुठेतरी कंस किंवा अवतरणचिन्ह उघडं राहिलंय आणि आर वाक्य पूर्ण व्हायची वाट बघतंय. एस्केप दाबा, वाक्य नीट करून पुन्हा द्या. कमांड वर्डच्या नोट्समधून किंवा मोबाइलवर टाइप केलेल्या मेसेजमधून उचलली असेल तर अवतरणचिन्हं वाकडी, छापील वळणाची येतात. ती आरला कळत नाहीत आणि ‘अनएक्स्पेक्टेड इनपुट’ येतं. ओळ पुन्हा हातानं टाइप केली की प्रश्न मिटतो.

फाइल सापडत नाही

विंडोजवाल्यांचं ठरलेलं: फाइलचा पत्ता एक्सप्लोररमधून कॉपी केला, कमांडमध्ये चिकटवला, आणि ‘यूज्ड विदाउट हेक्स डिजिट्स’ असलं काहीतरी अगम्य आलं. सी ड्राइव्हनंतर जी उलटी तिरकी रेघ आणि ‘यूझर्स’चा मोठा ‘यू’ येतो, ती जोडी आरला युनिकोड अक्षराची सुरुवात वाटते. सगळ्या उलट्या रेघा सुलट्या करा. किंवा त्याहून बरं म्हणजे पत्ते लिहायचेच नाहीत: आरस्टुडिओत (आर ज्यात लिहितो-चालवतो त्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक कामासाठी एक प्रोजेक्ट करा, फायली त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि नुसतं नाव देऊन वाचा. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेटडब्ल्यूडी’ (कामाच्या फोल्डरचा पत्ता ठरवणारी कमांड) लिहायची सवय मला पसंत नाही. ती स्क्रिप्ट मार्गदर्शकांच्या संगणकावर पहिल्याच ओळीत आडवी होते.

नाव बरोबर आहे, फोल्डर बरोबर आहे, तरी सापडत नाही? ‘लिस्ट डॉट फाइल्स’ चालवा आणि आरला काय दिसतंय ते बघा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे ‘पाऊस डॉट सीएसव्ही’ ही खरं म्हणजे ‘पाऊस डॉट सीएसव्ही डॉट सीएसव्ही’ निघते. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून दुसऱ्यांदा उतरवलेली असते आणि नावापुढे कंसात एक लागलेला असतो.

आकडे दिसतात, पण आकडे नसतात

आता मुख्य दुखणं. फाइल वाचली की दुसरं काहीही करण्याआधी ‘एसटीआर’ चालवायचं. ही एक कमांड प्रत्येक रकाना कोणत्या जातीचा आहे ते सांगते: ‘नम’ किंवा ‘इंट’ म्हणजे आकडा, ‘सीएचआर’ म्हणजे मजकूर. आवकेचा, दराचा किंवा पावसाचा रकाना ‘सीएचआर’ दिसला की तिथेच थांबायचं. रकान्यातल्या हजार खाणींपैकी (म्हणजे सेलपैकी) एका खाणीत जरी अक्षर असलं तरी अख्खा रकाना मजकूर होतो.

मजकूर झाला तर बिघडतं काय? ‘सम’ दिलं तर बरं, ते सरळ एरर देऊन थांबतं. ‘मीन’ वॉर्निंग देऊन एनए टाकतं. पण ‘मॅक्स’ काही बोलत नाही. समजा बांगड्याची आवक ९५, ४१० आणि १२०० किलो आहे आणि रकाना मजकूर झालाय. ‘मॅक्स’ उत्तर देईल ९५. कारण मजकुराची तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून होते, आणि नऊ हा एक आणि चार यांच्या पुढे. ना एरर, ना वॉर्निंग. उत्तराभोवती अवतरणचिन्हं असतात, तेवढीच काय ती खूण. आलेखाच्या अक्षावर आकडे उलटसुलट लागतात तेही याच कारणानं. आणि ‘एलएम’नं प्रतिगमन काढलं तर आणखी मजा: पाऊस मजकूर असेल तर आर प्रत्येक वेगळ्या आकड्याला वेगळा वर्ग समजतं आणि एका सहगुणकाऐवजी पानभर सहगुणक काढून देतं. पानभर उत्तर आलं म्हणजे मॉडेल भारी झालं असं समजून ते छापायला नेणारे असतात.

अक्षर आत शिरतं कसं? पहिला दोषी स्वल्पविराम. आपण १,२५,००० लिहितो. आरला तो आकडा नाही. ‘जीसब’नं स्वल्पविराम उडवा आणि मग ‘अ‍ॅज डॉट न्यूमरिक’ करा, किंवा रीडआर पॅकेजमधलं ‘पार्स नंबर’ वापरा. दुसरा दोषी एकक. ‘२५ किलो’, ‘५ डझन’ असं खाणीतच लिहिलेलं असतं. तिथेही ‘पार्स नंबर’ चालतं, पण जरा जपून: ते पहिला आकडा उचलतं आणि बाकीचं फेकून देतं. एका ओळीत किलो आणि दुसऱ्या ओळीत टन असेल तर दोन्ही एकाच मापाचे होऊन बसतात. आधी ‘युनिक’ लावून कोणकोणती एककं लिहिली आहेत ते बघा.

तिसरा दोषी खास आपला: देवनागरी अंक. ग्रामपंचायतीतून, सोसायटीतून किंवा लिलावाच्या वहीवरून उतरवून आलेल्या फायलीत अर्धे आकडे मराठीत, अर्धे इंग्रजीत असतात. डोळ्याला काही फरक पडत नाही. आरला मात्र देवनागरी पाच हे निव्वळ एक अक्षर आहे, आणि त्याला आकडा करायला सांगितलंत की ‘एनएज इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन’ अशी वॉर्निंग देऊन ते तिथे एनए ठेवतं. उपाय एका ओळीचा आहे: ‘सीएचएआरटीआर’. तिला आधी शून्य ते नऊ देवनागरीत सलग द्यायचे, मग तेच इंग्रजीत सलग द्यायचे, आणि शेवटी रकाना. ती प्रत्येक अंकाच्या जागी त्याचा जोडीदार ठेवते. ही ओळ एका वेगळ्या फायलीत जपून ठेवा, कोकणात काम करायचं असेल तर ती कायम लागणार.

‘अ‍ॅज डॉट न्यूमरिक’ केल्यावर किती एनए नव्यानं झाले ते मोजायला विसरू नका. आधीच्या रकान्यात मजकूर होता आणि नंतर एनए झालं, अशा ओळी गाळून बघितल्या की उरलेलं दोन मिनिटांत कळतं: कुठे शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाइप झालाय, कुठे आकड्यामागे न दिसणारी जागा आहे. जुन्या पुस्तकावरून शिकत असाल तर आणखी एक. २०२० साली आलेल्या ४.० आवृत्तीपूर्वी आर मजकुराचा आपोआप फॅक्टर (ठरावीक वर्गांचा रकाना) करायचं, आणि फॅक्टरला थेट आकडा केलं की मूळ संख्या न येता वर्गाचा अनुक्रमांक येतो. आजही रकाना फॅक्टर दिसला तर आधी ‘अ‍ॅज डॉट कॅरॅक्टर’ आणि मग आकडा, याच क्रमानं.

आणि ‘एकूण’ची ओळ. सरकारी धाटणीच्या तक्त्यात शेवटी ती असतेच. ती काढायची राहिली की बेरीज बरोब्बर दुप्पट येते. रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके नऊ: मंडणगड, दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर. ओळी मोजणारा ‘एनरो’ दहा म्हणाला तर दहावा तालुका कोणता ते विचारा. वर शीर्षकाच्या दोन-तीन ओळी असतील तर वाचतानाच ‘स्किप’ द्या. जोडलेल्या खाणींमुळे तालुक्याचं नाव पहिल्याच ओळीत असेल आणि खालच्या रिकाम्या असतील तर टिडीआरमधलं ‘फिल’ आहे. एवढ्यासाठी मूळ एक्सेलमध्ये हात घालू नका. जे काही साफ करायचं ते स्क्रिप्टमध्ये. मूळ फाइल आली तशी राहिली पाहिजे.

निरंक म्हणजे किती?

‘मीन एनए येतंय’ला सगळीकडे एकच औषध मिळतं: ‘एनए डॉट आरएम’ ट्रू करा, म्हणजे एनए गाळा. औषध खरं आहे, पण रोगी न बघता दिलेलं. ते लावण्याआधी एनए तिथे आला का, हे ठरवावं लागतं, आणि ते आर ठरवू शकत नाही.

हर्णै बंदराच्या महिनावार आवकेची फाइल घ्या. जून आणि जुलैच्या खाणीत काय असतं? कुठे ‘निरंक’, कुठे आडवी रेघ, कुठे ‘बंदी’, कुठे नुसतीच रिकामी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणून आकडा नाही. आता समजा उरलेल्या दहा महिन्यांची आवक मिळून ६०० टन आहे. निरंक म्हणजे शून्य धरलंत तर मासिक सरासरी ५० टन. एनए धरून गाळलंत तर ६० टन. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची. वर्षभराच्या मिळकतीचा हिशेब करायचा असेल तर बारानं भागा. हंगामात बंदरावर किती माल उतरतो ते हवं असेल तर दहानं. आणि बंदी यांत्रिक नौकांना असते, बिगरयांत्रिक होड्यांना नाही. म्हणजे त्या महिन्यांतली थोडी मासळी कोणी नोंदवलीच नसेल अशीही शक्यता आहे, आणि मग ‘शून्य’ हे खोटं होतं.

म्हणून वाचतानाच नीट सांगायचं. ‘एनए डॉट स्ट्रिंग्ज’मध्ये रिकामी खाण, आडवी रेघ आणि ‘अप्राप्त’ हे द्या, कारण अप्राप्त म्हणजे माहिती आली नाही. ‘निरंक’ तिथे देऊ नका. निरंक लिहिणाऱ्यानं आकडा पाठवलेला आहे, तो शून्य आहे. त्याला वेगळ्या ओळीत शून्य करा. ‘बंदी’साठी स्वतंत्र रकाना ठेवलात तर पुढे दोन्ही सरासऱ्या काढायची सोय राहते. पावसाच्या नोंदीतही हेच. जानेवारीतली रिकामी खाण बहुधा कोरडा दिवस असते; जुलैतली रिकामी खाण कोरडा दिवस असण्याची शक्यता आमच्याकडे कमीच, तिथे नोंद राहिली असण्याचाच संभव जास्त. दोन्हींना एकच नियम लावणारी ओळ लिहू नका.

एनए शोधताना दोन बरोबरची चिन्हं वापरू नका. एनएशी केलेली कुठलीही तुलना एनएच देते. ‘इज डॉट एनए’ वापरा.

तारखा

आरची १.० आवृत्ती आली तीच २९ फेब्रुवारीला, २००० साली. तारखांशी या भाषेचं नातं तेव्हापासूनच जरा तिरपं म्हणायला हरकत नाही.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. तौक्ते १६ आणि १७ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्याला लागून वर गुजरातकडे गेलं. या दोन तारखा चाचणीसाठी इतक्या सोयीच्या आहेत की मी कुठल्याही हवामानाच्या फायलीत आधी त्याच शोधते. आपल्याकडे त्या ०३-०६-२०२० आणि १७-०५-२०२१ अशा लिहिल्या जातात. नुसतं ‘अ‍ॅज डॉट डेट’ लावलं तर आर आधी वर्ष शोधतं, कारण त्याचा गृहीत क्रम वर्ष-महिना-दिवस. मग पहिली तारीख होते सन ३, जून २०. दुसरी होते सन १७, मे २०. एरर नाही. तारीख म्हणून अगदी वैध. आलेखाचा अक्ष येशूच्या काळापासून सुरू झाला की हेच झालंय असं समजा.

क्रम सांगायचा: टक्का-डी, टक्का-एम, टक्का-मोठा वाय, आणि मधल्या रेघा फायलीत आहेत तशाच. इथे मोठा वाय म्हणजे चार अंकी वर्ष. चुकून लहान वाय दिलात तर आर वर्षाचे दोनच अंक घेतं. २०२१ मधले पहिले दोन म्हणजे २०, त्याचं झालं २०२०. पुढचे दोन अंक मुकाट्यानं सोडून देतं. परिणाम असा की २०१८, २०१९, २०२१ सगळी वर्षं २०२० मध्ये येऊन साठतात आणि त्या एका वर्षाचा पाऊस अफाट दिसतो. हे सगळं नको असेल तर लुब्रिडेट पॅकेजमधलं ‘डीएमवाय’ वापरा. नावातच क्रम आहे आणि ते रेघ, टिंब, तिरकी रेघ सगळं चालवून घेतं.

अवघड असतो तो एक्सेलनं आधीच केलेला घोळ. संगणकाची तारीख अमेरिकन पद्धतीवर ठेवलेली असेल तर ०३-०६-२०२० टाइप केल्यावर एक्सेल तिला ६ मार्च समजतं. १७-०५-२०२१ मध्ये सतरावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून तशीच राहते. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हा प्रकार ओळखावा. असा मिश्र रकाना रीडएक्सएलनं मजकूर म्हणून वाचलात तर डावीकडच्या तारखा जशाच्या तशा येतात आणि उजवीकडच्या पाच अंकी आकडा होऊन येतात. तो आकडा म्हणजे एक्सेलचा दिवसांचा हिशेब. आरमध्ये त्याचा उगम ३० डिसेंबर १८९९ द्यायचा. ४३९८५ म्हणजे ३ जून २०२०. ४३८९६ दिसला तर ती ६ मार्च, म्हणजे वादळ तीन महिने आधी आलं. अशा वेळी पाच अंकी आकड्यांतले दिवस आणि महिने अदलाबदल करून घ्यायचे, डावीकडच्यांना हात लावायचा नाही. आंबेवाल्यांच्या फायलीत आणखी एक गंमत: पेटीचा आकार ‘४/५ डझन’ असा लिहायचा म्हणून नुसतं ‘४/५’ टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. तो रकाना टाइप करण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायला सांगा, मागाहून तो सरळ होत नाही.

तारीख बरोबर वाचूनही पाऊस आणि वारा जुळत नसेल तर आरला दोष देऊ नका. हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मागच्या चोवीस तासांचा असतो. निसर्ग दुपारी किनाऱ्यावर आलं, म्हणजे त्या दुपारनंतरचा पाऊस ४ जूनच्या नोंदीत सापडेल.

मराठी अक्षरं

फायलीत मराठी नावं असतील आणि उघडल्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइल एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवलेली आहे. ती अक्षरं गेली. आरमध्ये कुठलाही पर्याय देऊन ती परत येत नाहीत. मूळ एक्सेल मागवा आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडून पुन्हा साठवा. तसं साठवलं की कधीकधी पहिल्या रकान्याच्या नावापुढे विचित्र अक्षरं चिकटतात. वाचताना ‘फाइल एन्कोडिंग’मध्ये ‘यूटीएफ-८-बीओएम’ द्या, जातात. उलट्या दिशेनं, आरमधून लिहिलेली फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरं बिघडत असतील तर ‘राइट डॉट सीएसव्ही’ऐवजी रीडआरचं ‘राइट एक्सेल सीएसव्ही’.

अक्षरांऐवजी कंसात ‘यू अधिक ०९३०’ असले सांकेतिक आकडे दिसत असतील तर तुमचं आर जुनं आहे. २०२२ च्या ४.२ आवृत्तीपासून विंडोजवर यूटीएफ-८ मुळातच आलं, विंडोज १० ची २०१९ नंतरची आवृत्ती असली म्हणजे झालं. महाविद्यालयाच्या लॅबमधले ३२ बिटवाले जुने संगणक मात्र याला मुकतात, कारण विंडोजवरचा ३२ बिटचा आधार त्याच आवृत्तीपासून बंद झाला. आणि मजकूर इंग्रजी चिन्हांचा निरर्थक गोळा दिसत असेल, पण ठरावीक फाँट लावला की मराठी होत असेल, तर तो युनिकोडपूर्व फाँटमधला आहे. आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, मग आर.

दोन फायली जोडताना ओळी गळतात ही तक्रार याच्याच पोटातली. ‘मर्ज’ला जोडी सापडली नाही की ते ती ओळ न सांगता टाकून देतं. ‘मालवण’च्या मागे एक जागा असली तरी तो वेगळा शब्द; त्याला ‘ट्रिमडब्ल्यूएस’. पण रत्नागिरीचं काय करायचं? एका फायलीत रत्नागिरी, दुसऱ्या फायलीत रत्‍नागिरी. दुसऱ्यात ‘त्’ आणि ‘न’ यांच्या मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह बसलंय. काही फाँटमध्ये दोन्ही हुबेहूब दिसतात. ‘एनकॅर’नं अक्षरं मोजा: पहिल्यात ९ येतात, दुसऱ्यात १०. ते चिन्ह ‘जीसब’नं उडवता येतं, त्याचा युनिकोड क्रमांक २००डी. मात्र हे जुळवणीसाठी केलेल्या वेगळ्या रकान्यात करा. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य कुणी याच चिन्हानं बनवला असेल तर ते उडवल्यावर ‘किनार्यावर’ उरतं, आणि तो रकाना छापायला नेलात तर परीक्षक शुद्धलेखनावरच अडतील. कोणत्या ओळी जुळल्या नाहीत ते बघायला डीप्लायरचं ‘अँटी जॉइन’ आहे. जोडणीआधी ते एकदा चालवाच.

आलेखावर मराठी नावं लावली की चौकोन येतात, किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. ‘चिपळूण’ वाचवत नाही. रॅग नावाचं पॅकेज टाका आणि आरस्टुडिओच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये ग्राफिक्सचा बॅकएंड ‘एजीजी’ करा. फाँट देवनागरीचा निवडा. जोडाक्षरं नीट बसतात.

पॅकेज उतरत नाही

पावसाळ्यात हा प्रश्न वाढतो आणि त्याचं कारण संख्याशास्त्रीय नाही. आर डाउनलोडला मुळात ६० सेकंदच देतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, एकच कांडी रेंज असताना, मोठं पॅकेज तेवढ्यात येत नाही आणि अर्धवट तुटतं. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘टाइमआउट’ ६०० करा. मिरर (कुठल्या सर्व्हरवरून उतरवायचं ते) विचारला तर पहिला, क्लाउड लिहिलेला निवडा. मध्येच लाइट गेली आणि नंतर ‘फेल्ड टू लॉक डिरेक्टरी’ येऊ लागलं तर पॅकेजांच्या फोल्डरमध्ये ‘शून्य शून्य लॉक’ने सुरू होणारं एक फोल्डर राहिलेलं असतं. ते पुसा आणि पुन्हा टाका. ‘सोर्समधून इन्स्टॉल करू का’ विचारलं तर नको म्हणा. आरटूल्स लागतं अशी वॉर्निंग आली तरी तयार पॅकेज टाकताना तिच्याकडे लक्ष द्यायची गरज नाही.

मदत मागण्याआधी

आरस्टुडिओच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये जा, ‘आरडेटा’ परत आणण्याची खूण काढा आणि साठवण्यापुढे ‘नेव्हर’ करा. नाहीतर कालचे, परवाचे, मागच्या सेमिस्टरचे ऑब्जेक्ट आज त्याच नावानं पुन्हा उभे राहतात आणि स्क्रिप्ट चालते की नुसती चालल्यासारखी वाटते ते कळत नाही. मग कंट्रोल-शिफ्ट-एफ १० नं आर ताजं करा आणि स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवा. पुष्कळ प्रश्न इथेच मिटतात.

नाही मिटला तर खुशाल विचारा, पण मॉनिटरचा मोबाइलनं काढलेला तिरका फोटो पाठवू नका. त्यात ट्यूबलाइट दिसते, एरर दिसत नाही. एररचा पूर्ण मजकूर कॉपी करा. ज्या ओळीवर अडलं ती आणि तिच्या आधीच्या चार-पाच ओळी द्या. ‘एसटीआर’चं आणि ‘सेशन इन्फो’चं उत्तर द्या. आणि ‘डीपुट’च्या पोटात ‘हेड’ घालून रकान्याच्या पहिल्या दहा ओळी पाठवा. त्यातून समोरच्याला तुमचा तुकडा जसाच्या तसा आपल्या संगणकावर उभा करता येतो, न दिसणाऱ्या जागा आणि जोडचिन्हांसकट. शेतकऱ्यांची किंवा नौकामालकांची नावं-नंबर असतील तर ते रकाने पाठवण्यापूर्वी काढून टाका.